सिस्टर, तुमचा गूळ

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त थापा आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला माझा. गृहपाठ न करण्याची पोरं जी कारणं द्यायची, ती याहून बरी रचलेली असायची. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय... कारण हे माझ्याबरोबर पाहणारी एकुलती एक व्यक्ती, माझी आत्या, जाऊनही आता फार वर्षं झाली. तुम्ही खरं मानाच असा आग्रह नाही.

लढाई संपली होती, पण साखर रेशनवर आणि कापड कूपनावर होतं, तेव्हाची गोष्ट. आम्ही देवळाली प्रवऱ्याचे, ख्रिस्ती. मी गावच्या शाळेत शिक्षिका. धाकटी बहीण सुलू अठराची, तिचं लग्न ठरलं होतं. मी सत्तावीसची. माझं आता काही जमणार नाही हे घरात सगळ्यांनी न बोलता मान्य केलं होतं, मीसुद्धा.

त्यामागचं कारण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याच्या आठ वर्षं आधी मला मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. निघायच्या चार दिवस आधी आई गेली. सुलू तेव्हा दहा वर्षांची. पंधरा दिवसांनी जाऊ म्हणून थांबले, तर तिला टायफॉइड झाला. एकवीस दिवस मी तिच्या उशाशी बसून. कपाळावर पट्ट्या, चमच्या-चमच्याने पेज. सुलू उठली, पण माझी हॉस्पिटलातली जागा गेली. ट्रंक माळ्यावर चढली, ती तिथेच राहिली. आता लपवून काय करायचंय... तिचं लग्न ठरलं त्या दिवशी मला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. आपण इथे राहिलो ते कशासाठी, हा प्रश्न भाकरी थापतानासुद्धा डोक्यात असायचा.

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. नगरला कूपनावर जे पांढरं मिळत होतं ते जाडंभरडं, मांजरपाटाच्या जातीचं, ते नेसवून सुलूला चर्चमध्ये कसं उभं करायचं? म्हणून मुंबई. सोबतीला मिरजगावची सगुणाआत्या. तिला साडीशी काही घेणं नव्हतं, समुद्र बघायचा होता.

राहुरी स्टेशनावरून मनमाड, तिथून मुंबई. बसायला जागा नाही. भायखळ्याला ओळखीच्यांकडे एक खोली मिळाली होती, तिथे पोचलो तेव्हा माझे पाय चपलेत मावत नव्हते. आत्या म्हणाली, "मार्थे, आदी च्या. मंग काय ती मुंबई."

कोपऱ्यावर एक इराण्याचं हॉटेल होतं. आम्ही बसलो. टक्कल पडलेला, पन्नाशीचा एक वेटर आला, माझ्याकडे बघून हसला आणि काही न विचारता आत गेला. येताना त्याने आत्यासाठी नेहमीचा चहा आणला आणि माझ्यासमोर बिनसाखरेचा कप ठेवला. शेजारी बशीत गुळाचा खडा.

"सिस्टर, तुमचा गूळ."

आमच्या भागात घरोघरी गूळ. चहात टाकला की दूध फाटतं, म्हणून खडा दाढेत धरून बिनसाखरेचा चहा प्यायची मला लहानपणापासून सवय आहे. शाळेतल्या बाया हसायच्या मला त्यावरून. पण मुंबईतल्या इराण्याला हे कुणी सांगितलं?

मी म्हटलं, "हा कुठून आणलात?"

"तुम्हीच नाय काय पुडी ठेवून गेलात, गल्ल्याच्या मागे? आज ड्युटी नाय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा मुंबईत पाऊल ठेवलं होतं, आणि त्यालाही दोन तास झाले नव्हते. आत्याने बशीत चहा ओतला आणि फुर्र करून निकाल दिला. "आगं, तुजी पांडरी साडी बगून त्येला नर्स वाटली आसंल. नर्सा समद्या सारक्याच दिसत्यात." हे पटण्यासारखं होतं. शाळेत पांढरीच साडी नेसायची मला सवय. मी गुळाचं विचारलं. तिने विषय बदलला आणि माझा उरलेला खडा तोंडात टाकला.

दुपारी राणीची बाग पाहिली. आत्या हत्तीपाशी अर्धा तास उभी, मी बाकावर पाय चोळत. ट्रामच्या कंडक्टरनेही मला "काय सिस्टर" म्हणून मान डोलावली. मी तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. खरं सांगते, भीती वाटायला अंगात जोर लागतो, तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुलेश्वर. सकाळपासून किती दुकानांच्या पायऱ्या चढलो-उतरलो. लग्नाची पांढरी साडी म्हटलं की दुकानदार गोंधळायचे. एकाने हळूच विचारलं, कोण वारलं? आत्या तिथेच भडकली. "नवरीला नेसायची हाय म्हन्लं तर त्वांड पाडून बसलाय. आमच्यात पांडरीच आस्ती." त्याने तरी लाल शालूच उलगडला.

मग गल्लीच्या टोकाला एक लहानसं दुकान लागलं. नाकावर चष्मा घसरलेले वयस्क दुकानदार गादीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "या सिस्टर. आज नेताय का शेवटी?" आणि कपाटातून एक पुडकं काढून त्यांनी माझ्यासमोर सोडलं.

आत साडी होती. पांढरी, तलम, बोटभर रुपेरी किनार. मी मनात धरून आले होते तशीच.

मी म्हटलं, "काहीतरी चुकतंय. मी सिस्टर नाही. मी नगर जिल्ह्यातली शिक्षिका, कालच आलेय. पण मला अशीच साडी हवीय. ही कुणी ठेवलीय ती बाई सोडणार असेल तर तिला विचारून बघा."

ते हसले. "तुम्हाला विचारायचं, ते तुमच्यासमोरच विचारू की." माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "बरं, कशासाठी हवीय?"

"बहिणीच्या लग्नासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "पण तुम्ही तर..." एवढं बोलून ते पुडकं परत बांधायला लागले. मग म्हणाले, "उद्या सकाळी या."

बाहेर येताच आत्या करवादली. "देत हुता तर घ्यायची. देवानं हातात दिलीया." मी म्हटलं, "आत्या, दुसरीची वस्तू आहे ती." "दुसरी कोन?" आत्याने विचारलं.

संध्याकाळी तिला अपोलो बंदरावर नेलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिथेच होतो, हे लक्षात ठेवा. आत्याने समुद्र बघितला, ओंजळीत घेऊन चाखला, थुंकला आणि म्हणाली, "येवढं पानी, आन् काय उपेग न्हाई." मग आम्ही कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. माझं लक्ष भेळेत नव्हतं. कूपनांची मुदत संपत आली होती आणि नेसवण्यासारखं काही मिळालं नव्हतं. सुलू निघताना म्हणाली होती, "ताई, तू आणशील ती." तिने दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

सकाळी दुकानात गेलो. पुडकं बांधून तयार होतं. दुकानदारांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माझ्याशी बोलायच्याऐवजी ते आत्याशीच बोलायला लागले.

"बाईंची तब्येत बरी नाही का हो? काल दिवेलागणीला या परत आल्या होत्या. ड्युटीवरून थेट, डोक्यावर टोपी तशीच."

आत्या म्हणाली, "काल दिवेलागनीला ही माज्यापाशी बसून भेळ खात हुती."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हलक्या आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. ही सिस्टर दोन वर्षांपासून दुकानात येते. साडी तिने विकत घेऊन इथेच ठेवलीय. महिन्या-दोन महिन्यांनी येते, पुडकं सोडते, किनारीवरून हात फिरवते आणि परत बांधायला सांगते. नेत नाही. एकदा त्यांनी कारण विचारलं. तर म्हणाली, धाकट्या बहिणीसाठी आहे. आई गेल्यावर मी तिला सोडून इकडे शिकायला आले. महिन्याच्या आत ती टायफॉइडने गेली. आज असती तर लग्नाची झाली असती.

आत्याने माझं मनगट धरलं.

"आणि काल?" मी विचारलं.

"काल म्हणालात... म्हणाल्या, सकाळी एक बाई येईल, माझ्यासारखीच. तिला ही द्या. तिच्याकडे नेसणारी आहे."

मी साडी घेतली. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत, कूपनंही नाहीत. म्हणाले, "तुमचं सगळं आधीच झालंय." मी पायरीवर बसून रडले, भर बाजारात, लोक बघत असताना. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

गाडी दुपारची होती. जाताना इराण्याकडे डोकावले. तोच वेटर. म्हणाला, "आत्ताच तर गेलात." टेबलावर रिकामा कप होता. बशीत गुळाचा अर्धा खडा.

सुलू ती साडी नेसली. चर्चमध्ये शिरताना तिने मागे वळून मला शोधलं, मी दिसले तेव्हा कुठे पुढे गेली. आता ती नातवंडांची आजी आहे आणि अजून माझ्याशी भांडते. तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. आत्यानेही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे मी, जिथे मला प्रवेश मिळाला होता त्या हॉस्पिटलला, माझंच नाव लिहून पत्राने चौकशी केली. या नावाची नर्स आमच्याकडे कधीच नव्हती, असं उत्तर आलं. माझ्यासारखी दिसणारी एखादी बाई मुंबईत असेलही. पण गूळ? टायफॉइड? आणि मी सकाळी परत येणार हे तिला कुणी सांगितलं? मला नाही सांगता येत. विज्ञान शिकवलंय मी, आणि या वयातही मला नाही सांगता येत.

त्यानंतर माझा थकवा गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. शाळा, घर, वडिलांचं आजारपण, सगळं तसंच ओढत राहिले. फक्त आपण राहिलो ते कशासाठी, हा प्रश्न पुन्हा कधी पडला नाही.

एकच रुखरुख आहे. त्या दिवशी इराण्याकडे मी पाच मिनिटं आधी पोचायला हवं होतं. तिचेही पाय दुखत असतील. समोर बसवलं असतं, अर्धा खडा तिला दिला असता, आणि सुलू कशी आहे ते सांगितलं असतं.