आप्पेपात्रातले व्हॉल्व

बॉनेटवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "अजून उशीर न्हाई झाला." डायवरमामांचं हे वाक्य आमच्या बेलापूरकडच्या निम्म्या लोकांनी जन्माच्या आधीच ऐकलंय. मी वाढवून सांगतो, असं तुम्हाला वाटेल. सांगतोच मी. पण मामा मिशनच्या दवाखान्याची अँबॅसिडर चालवायचे, मागच्या सीटवर अडलेली बाई असायची, आणि सगळ्याच काही दवाखान्यापर्यंत पोचायच्या नाहीत. मी स्वतः त्या सीटवर जन्मलो, देवळाली प्रवराच्या अलीकडे, गाडी उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली असताना.

पुढे मी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. मामा येऊन गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचे, "ह्यो माझ्याच गाडीचा माल हाय. गॅरंटी न्हाई."

दवाखान्याने गाडी विकायला काढली तेव्हा ती मामांनीच घेतली. मामा म्हातारे झाले, गाडीही झाली. गेल्या वर्षी आरटीओच्या पासिंगची तारीख आली आणि इंजिन नुसतं धूर ओकायला लागलं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने निक्षून सांगितलं, या खेपेला पास झाली नाही तर भंगारात. मामांनी हो म्हटलं आणि इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. गॅरेजवाल्याकडे द्यायला मात्र तयार नाहीत. वास्तविक हात एवढे थरथरायचे, की मामा चहा पीत असले तर बशीच्या आवाजावरून शेजाऱ्यांना कळायचं.

लेथवरून हेड नव्यासारखं होऊन आलं. आता प्रत्येक व्हॉल्व हेडमधल्या त्याच्या त्याच्या बैठकीवर पेस्ट लावून घासायचा. एकदा घासून बसला, की तो त्याच घरचा. दुसऱ्या घरी नांदत नाही. लाकडी काडीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्वला चिकटवायची आणि काडी दोन्ही तळव्यांत फिरवायची. पूर्वी मामा हे काम जेवायच्या आत उरकायचे. आता कित्येक दिवस ओट्यावर बसून होते. काडी निसटायची, मामा पुन्हा धरायचे. झालेला व्हॉल्व मामींच्या आप्पेपात्रात, आपल्या नंबरच्या खळग्यात. आठही झाले तेव्हा मामा दुकानात येऊन चहा पिऊन गेले. बशी वाजली, पण ऐटीत वाजली.

रविवारी मामा प्रार्थनेला गेले आणि इकडे मामींकडे अचानक पाहुणे आले. आप्पेपात्र हवं होतं. मामी नीटनेटक्या बाई. त्यांनी व्हॉल्व काढले, रॉकेलने धुतले, लख्ख पुसले आणि भांडी लावावीत तसे फळीवर लावून ठेवले. मोठे एकीकडे, बारके एकीकडे; नंबर मात्र गेले.

संध्याकाळी मी गॅस्केट घेऊन गेलो, तर मामा पायरीवर बसलेले. पासिंग दोन दिवसांवर. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"ह्यांच्याकडून आता पुन्यांदा व्हायचं न्हाई. पोराला फोन लाव. म्हनावं, ने तुझ्या भंगारवाल्याला."

मी घासतो म्हणालो. ते म्हणाले, "तू इकतोस. बसवत न्हाईस." खरंच होतं. मामी दारात उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मग त्या खाली बसल्या आणि काडी उचलली.

"ही तर रवीच हाय की, आवो. ताक घुसळायचं का लोनी काढायचं, तेवढं सांगा."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ताक. लोनी यायच्या आधी थांब."

मामी घुसळत होत्या, मामा डोळे मिटून ऐकत होते. आधी खरखर, मग आवाज मऊ यायचा. "बास," म्हणायचे. मग हेड उलटं करून व्हॉल्ववर रॉकेल ओतायचं आणि पाझरतं का ते बघत बसायचं. आम्ही तिघं असे बसलो होतो, जणू आत कुणी अत्यवस्थ आहे. एक पाझरला. मामांचा चेहरा उतरला. मामींनी बांगड्या मागे सारल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्वच्या स्प्रिंगा चढल्या, त्यांची नखाएवढी लॉकं मामींनीच बसवली. हेड चढवलं. नट मात्र मामांनी स्वतः आवळले, आधी मधले, मग आळीपाळीने कडेचे. पान्याला थरथर चालते. किल्ली मात्र भोकात जाईना. नुसती टकटक वाजत राहिली. मामींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. मामा बॉनेटवर डोकं टेकून उभे राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

पासिंगला गाडी मी नेली. मामा आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले. मग म्हणाले, "बायांना एवढंच दिसायचं व्हय रं? डायवरची मान?"

गाडी पास झाली. मामा त्या थंडीत गेले.

आता दर रविवारी मी मामींना त्याच गाडीतून प्रार्थनेला नेतो. त्यांना आवरायला वेळ लागतो, मी दारात हॉर्न वाजवत बसतो. शेवटी त्या येतात, बॉनेटवर दोन थापा मारतात, मागे बसतात आणि म्हणतात, "चल. अजून उशीर न्हाई झाला."

प्रार्थना केव्हाच सुरू झालेली असते.