कुत्र्यांना गोत्र नसतं

आमच्या हिमायतनगरच्या घरात मागच्या अंगणात एक वेगळी चूल होती. घर शाकाहारी, सोवळंओवळं पाळणारं, आणि मला वेड बॉक्सर कुत्र्यांचं. त्यांना काय नुसता वरणभात घालणार? मागे वेगळ्या पातेल्यात मटण शिजायचं, मी स्वतः ढवळायचो आणि मग अंघोळ करून देवाला फूल वाहायचो. आईनं नाक मुरडलं, बायकोनं पदर लावला नाकाला, पण माझ्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. सरकारी नोकरी केली ती पोटासाठी. जगलो कुत्र्यांसाठी.

बॉक्सरचा सगळा रुबाब तोंडात. चपटं नाक, पुढे आलेला खालचा जबडा, कपाळावर आठ्या, जसा काही मोठा न्यायाधीशच. घरात मात्र पक्का विदूषक. पाहुणा आला की अख्खं ढुंगण हलवत जाणार आणि त्याच्या कपड्यांना लाळ पुसणार. तसं तोंड आपोआप येत नाही. त्यासाठी लाइन सांभाळावी लागते, म्हणजे चांगलं रक्त त्याच रक्तात पुन्हा मिसळावं लागतं. मी तेच केलं. माझ्या चॅम्पियन नराला त्याचीच नात दिली. त्यांच्यापासून जो तांबूस नर झाला, तसं डोकं मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. शोमध्ये त्याला रिंगणात उभा केला की लोक विचारायचे, लाइन कुठली? मी छाती फुगवून सांगायचो, घरचीच.

तीन-एक वर्षांपूर्वी मुलीनं सांगितलं, ऑफिसातला एक मुलगा आहे. मराठी, राहायला इथेच, जामबागला, घरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली. आम्हाला आनंदच झाला. एका रविवारी तो मुलगा आणि त्याचे वडील चहाला आले. वडील मोठे अदबीचे. माझ्या त्या तांबूस कुत्र्यानं सरळ जाऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली, पँट लाळेनं भिजली, तरी ते हसतच राहिले.

"वा, काय चेहरा आहे हो याचा!" ते म्हणाले.

आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मी सुटलोच. याचा आजा कोण, पणजा कोण, कुणी कुठे बक्षीस मारलं. "याची आई म्हणजे याच्या बापाचीच नात," मी सांगितलं. "रक्त बाहेर जाऊच दिलं नाही." बायको दारातून डोळे वटारत होती. मला वाटलं, चहा निवतोय म्हणून. म्हणून विषय बदलला आणि त्याच दमात विचारलं, "बरं, आपलं गोत्र कोणतं?"

"भारद्वाज."

आमचंही भारद्वाज. मी कप खाली ठेवला. म्हणालो, मग हे जमायचं नाही, सगोत्र झालं, ही दोघं बहीणभाऊ झाली.

त्यांनी शांतपणे समजावून पाहिलं. आमचं मूळ नांदेडकडचं, तुमचं बिदरचं, दोन्ही घरांचा कधी संबंध आलेला नाही. मी ऐकतोय कुठला! आमच्या घरात असलं चालत नाही, असं तोंडावर सांगितलं. कुत्रा अजून त्यांच्या गुडघ्यावरच होता. निदान कुणी हसायला तरी हवं होतं. मुलगी खाली मान घालून बसली होती. ती भांडली नाही, माझ्यासमोर रडलीही नाही. मला वाटलं, पोर समजूतदार आहे. वा रे बाप!

यंदा उन्हाळ्यात तो तांबूस कुत्रा अंगणात चेंडूमागे धावता धावता धाडकन पडला. शुद्धीवर आला, कापलेल्या शेपटाचा बुंधा हलवत पुन्हा माझ्याकडेच आला. मलकपेठच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून हृदयाचा विकार सांगितला. हा दोष रक्तातून येतो, म्हणाले, आणि विचारलं, "आईबाप जवळच्या नात्यातले होते का?" मी होकाराची मान हलवली.

घरी आलो तर बायको अंबाडी निवडत बसली होती. माझी मस्ती बघा, मी तिला म्हणालो, "बघ, उगाच नाही आपल्या पूर्वजांनी गोत्राचे नियम केले."

तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "त्या दोन घरांचा कशात काही संबंध नव्हता," ती म्हणाली. "आणि ती मुकी कुत्री तिच्या सख्ख्या आजाला दिलीत, तेव्हा कुठे गेले होते तुमचे पूर्वज?"

मी एरवी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं. लाज वाटली, कुत्र्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटली. पुढचे काही दिवस जेवण गोड लागेना. शेवटी एका सकाळी कुणाला न सांगता रिक्षा केली आणि जामबागला गेलो.

त्या मुलाच्या वडिलांनी स्वतः दार उघडलं. बसवलं, पाणी दिलं. मी म्हणालो, "माझं चुकलं. गोत्राचं काही मनात धरू नका. होऊ द्या पोरांच्या मनासारखं."

ते हळूच म्हणाले, "मुलाचं ठरलं हो. पुढच्या महिन्यात लग्न आहे. बरेच दिवस थांबला होता तो." आणि मला अवघडायला होऊ नये म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "तुमचा तो कुत्रा कसा आहे?"

बरा आहे म्हणालो. दुसरं काय सांगणार?

घरी आलो तेव्हा मुलगी कुत्र्याला गोळी देत होती. पेढ्यात दडवून द्यावी लागते, नाहीतर थुंकतो. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, रडेल, नाहीतर चिडेल. दोन्हीला मी तयार होतो.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हा त्यानं फोन केला होता." मग तिचा हात थांबला. "तुम्ही त्यांच्या घरी गेलात?"

"हो."

"मला न विचारता?"

तिनं कुत्र्याच्या तोंडाची लाळ ओढणीनं पुसली.

"आता त्यांना वाटणार," ती म्हणाली, "मीच पाठवलं तुम्हाला."