तिवराच्या मुळांवरचे किडे

प्रेमिला भोयर नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, विद्यार्थ्यांची सहल घेऊन कोकणात गेल्या तेव्हा. तिथल्या एका खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, गोळा करणाऱ्या तुळसाबाईने त्यांना गुडघाभर चिखलात उतरवलं आणि खारफुटीतल्या तिवराच्या मुळाला चिकटलेल्या पांढऱ्या नळ्या दाखवल्या. नळ्यांच्या तोंडांतून जांभळे, पिसासारखे तुरे डोलत होते. दोघी वाकल्या, सावली पडली आणि सगळे तुरे एकदम आत गडप झाले.

किनाऱ्यावरच्या एका संस्थेतल्या सोनिका नावाच्या संशोधक बाईंना त्यांनी फोटो पाठवले. "असा नळीकृमी मी पाहिलेला नाही," सोनिका म्हणाल्या.

रीतसर परवानगी काढून प्रेमिलाबाईंनी मुळाचा एक तुकडा नागपुरात आणला आणि हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. त्यांचे यजमान रुपराव मिरचीचे व्यापारी. खाडीच्या वासावर आधी कुरकुरले. पण उन्हाळा लागला तसा झोपायच्या खोलीतला एसी त्यांनीच हॉलमध्ये हलवला.

"आपण कूलरात झोपू. तुह्या किड्यायले थंडावा पायजे ना!"

पुढच्या हिवाळ्यात तुळसाबाईचा फोन आला. "बाई, खाडीच्या तोंडावर भराव पडलाय. भरती आत येत नाही."

प्रेमिलाबाई गेल्या. तिवरं पिवळी पडली होती. चिखलाला भेगा गेल्या होत्या आणि पावलाची चाहूल लागताच पळणारे खेकडे कुठेच नव्हते. एकामागून एक मुळं त्यांनी चाचपली. नळ्या रिकाम्या होत्या, बोट लावताच चुरा होत होता.

घरी परतल्यावर सोनिकांचा फोन आला. "शास्त्रीय नाव द्यायचं तर शरीर लागेल, नळीतून काढलेलं, ताजं. आपोआप मेला की लगेच सडतो."

"म्हणजे मी मारायचे?"

"तुमच्याकडचे असेच संपले तर हा जीव होता, हेही कुणी मानणार नाही."

प्रेमिलाबाईंनी फोन ठेवला. नुसत्या टाकीसमोर बसून राहिल्या.

"काहून वं, जेवत काहून नाही?" रुपरावांनी विचारलं.

"अवो, कोपऱ्यातले दोघं बाहेर येऊन नाही राहिले."

"झोपले असन."

"असे झोपत नाही ते."

त्यांनी एक नळी उचलून पाहिली. आतून कुजका वास आला. तेव्हा मात्र त्या उठल्या.

अर्धे किडे त्यांनी बशीत घेतले. बेशुद्ध करणारं औषध पाण्यात हळूहळू सोडलं. तुरे पूर्ण उमलले, खाडीत उमलायचे तसे. त्यांच्यावर सावली धरली तरी मिटले नाहीत. बशी धरलेले रुपराव एकदम म्हणाले, "माह्याच्यानं पाहवत नाही," आणि बशी टेबलावर ठेवून गॅलरीत निघून गेले. प्रेमिलाबाईंनी नळ्या फोडून शरीरं अल्कोहोलच्या बाटलीत टाकली. मग झाकण लावलं.

उरलेले मे महिन्यापर्यंत जगले. मग एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. रुपराव उन्हात बर्फ आणायला धावले, पिशव्यांत भरून पाण्यात सोडला, पण पाणी तापतच गेलं. तुरे एकेक करून आत गेले. संध्याकाळी वीज आली, एसी सुरू झाला. प्रेमिलाबाई पाणी नासेपर्यंत वाट पाहत राहिल्या. एकही बाहेर आला नाही.

बाटलीतल्या शरीरांवरून सोनिकांनी त्या किड्याला नाव दिलं. प्रेमिलाबाईंच्या सांगण्यावरून ते त्या खाडीचंच ठेवलं.

या हिवाळ्यात प्रेमिलाबाई आणि सोनिका तोच किडा शोधत होडीनं शेजारच्या खाड्या धुंडाळायला गेल्या. पहिल्या दोन खाड्यांत काही मिळालं नाही. तिसरीच्या तोंडाशी कुणीतरी चिखलात भरावाची हद्द आखल्यासारखे ओळीनं लाल झेंडे रोवून ठेवले होते.

"हे कधी लावले?" सोनिकांनी नावाड्याला विचारलं.

"गेल्या आठवड्यात."

प्रेमिलाबाईंनी साडी वर खोचली आणि ओहोटीची वाट न पाहता पाण्यात पाय टाकला.