स्वयंपाकघर बघायचं राहिलं होतं

आमच्या भागात घर बांधायला काढलं की माणसं आधी दुसऱ्यांची घरं बघत हिंडतात. मुलगी बघायला जावं तशी रीत आहे. आधी फोन करायचा, रविवारी जायचं, पाणी प्यायचं, मग घरधनीण पुढं आणि आपण मागं. हॉल, बेडरूम, गच्ची, सगळं दाखवतात. आपण प्रत्येक ठिकाणी 'छान काढलंय' म्हणायचं आणि मोबाइलवर फोटो घ्यायचा. कोणी नाही म्हणत नाही.

मी इंदापूरला हायस्कूलमध्ये शिकवते. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही सांगते. अंथुर्ण्याजवळच्या आमच्या जागेवर घर बांधायचं ठरलं ते माझ्या पगारावर, त्यामुळं ते कसं दिसावं हेही मीच ठरवणार होते. मोबाइलवर चित्रं जमवली होती. पांढऱ्या भिंती, खिडकीत एक कुंडी, स्वयंपाकघरात उघड्यावर काहीच नाही. आईनं चष्मा लावून ती एकेक करून सरकवली.

"ह्यात कुणी ऱ्हात न्हाय वाटतं," ती म्हणाली. "एक डबा दिसंना."

"डबे आत असतात, आई."

"मग बघायचं काय? चल, माणसांची घरं बघू."

स्कूटीवर आम्ही दोघी निघालो. वडगाव निंबाळकरला मावशीच्या लेकीचा बंगला पाहिला, बारामतीत माझ्याबरोबरच्या एका शिक्षिकेचा फ्लॅट. वरच्या पीओपीत निळे दिवे, टीव्हीमागं दगडासारखा दिसणारा कागद, काचेच्या कपाटात कधीच न वापरलेले कप. दोन्हीकडं तेच. सगळेच माझ्यासारखे कुणाच्या तरी घरात फोटो काढून आले होते. आईला एकही घर पसंत पडेना. परतताना दर वेळी तिचं एकच, "मळ्यातल्या बाईंचं बघायचं ऱ्हायलंय."

मळ्यातल्या बाई म्हणजे ज्यांच्या उसात आईनं वर्षानुवर्षं खुरपलं त्या. त्यांचं घर काही नवं नव्हतं. तिथं काय बघायचं, मी विचारलं.

"त्यांचं स्वयंपाकघर लय मोठं हाय म्हणत्यात."

म्हणतात, म्हणजे तिनं पाहिलं नव्हतं. आई त्या घरी जायची ती मागच्या पडवीपर्यंत. चहा तिथंच मिळायचा, वेगळ्या कपात. पिऊन झाला की कप आपला आपण विसळून कोनाड्यात ठेवायचा. आम्ही बौद्ध. आत येऊ नका असं कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं, तशी वेळच कोणी येऊ दिली नव्हती. आता बाई रस्त्यात भेटल्या की थांबतात, मला मॅडम म्हणतात. पण आईला त्या घरात आत जायला अजून कारण पडलं नव्हतं. ती फरशी बघायला निघालेली नाही हे माझ्या ध्यानात आलं. मी फोन केला.

बाईंनी पुढच्या दारानं घेतलं, सोफ्यावर बसवलं. ट्रेमधून पाणी आलं.

"या मॅडम. आन तुझं गुडघं कसं हायत गं?"

"हायत जागेवर," आई म्हणाली.

"तुमी शिकली-सवरलेली माणसं, आमचं जुनं काय बघणार?"

तरी दाखवलं. हॉल दाखवला, लेकाची खोली दाखवली, गच्चीवरून ऊस दाखवला. आईचं कुठंच लक्ष नव्हतं. खाली आलो, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बाई उभ्या राहिल्या.

"हितं काय न्हाय बघण्यासारखं. पसारा पडलाय सगळा."

"पडू द्या की बाई," आई म्हणाली. "मी काय सोयरीक जमवायला आलीय व्हय? ओटा बघायचाय."

बाई हसल्या, पण दारातून हलल्या नाहीत. आईही हलली नाही. मला मध्ये बोलता आलं असतं, शाळेत मी सगळ्यांशी बोलते. बोलले नाही. मागणं तिचं होतं.

"बरं, बघ बाई," शेवटी त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

आत हिरव्या फुलांच्या टाइल्स होत्या, शेगडीमागं तेलानं पिवळट झालेल्या. खोली मोठी, उजेड कमी. आईनं ओट्यावर दोन्ही तळवे टेकवले. तो तिच्या छातीला लागत होता. बाईही तशा बुटक्याच.

"लय उंच हाय वो. भाकरी थापताना खांदं भरून येत असत्याल."

"येत्यात की. ह्यांनी मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्रीनं बांधला. मला कोण इचारतंय?" बाईंनी पातेलं गॅसवर ठेवलं. "थांबा, च्या टाकते."

चहा आम्ही तिथंच, ओट्याला टेकून घेतला. तिघींचे कप एकाच सेटमधले होते. पिऊन झाल्यावर आईनं आपला कप बेसिनमध्ये ठेवला. विसळला नाही.

येताना स्कूटीवर मी विचारलं, "काय आवडलं?"

"काय न्हाय. तुझं ते पांढरंच लाव." मग थोडं पुढं गेल्यावर, "ओटा तेवढा माझ्या उंचीचा."

मिस्त्रीनं वाद घातला. "मावशी, सगळीकडं एकच माप असतंय. मॅडमना वाकावं लागंल." आईनं भिंतीशी उभं राहून कमरेच्या जरा वर कोळशानं रेघ ओढली. मिस्त्री माझ्याकडं बघू लागला. मी मान हलवली. आता मी वाकूनच भांडी घासते, पाठ दुखते.

आमच्यात वास्तुशांत नसते. वंदना झाली, खीर केली होती. बाईंना आईनं स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं, आणि त्या आल्या. पांढऱ्या भिंती, कुंडी वगैरे मी दाखवणार होते, तोवर आईनं त्यांना हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. बाईंनी चारी बाजूंनी पाहिलं. ओट्यावर हात ठेवून बघितला, कोपर वाकवून बघितलं. आईनं खुर्ची ओढून दिली, खिरीची वाटी दिली.

बाईंनी दोन चमचे खाल्ले. "गोड जरा कमी झालीय गं."

"आमच्यात एवढीच घालत्यात," आई म्हणाली.

बाईंनी वाटी संपवली.