बदकांचा तागा

शिवणमावशींच्या नाकावर राग आणि ओठांत टाचण्या, दोन्ही कायमचंच. चिडल्या तरी आधी टाचण्या एकेक करून काढाव्या लागत, मग तोंडाचा पट्टा सुटे. तेवढ्यात पोरं पसार! बालगृहातली पोरं ती. कुणाला आईबाप नाहीत, कुणाचे असून नसल्यासारखे. पण पळण्यात एकेक पटाईत. मावशी दिवसभर पायमशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून सगळ्यांचा उद्धार करायच्या. आणि जेवताना एखादं ताट रिकामं दिसलं, की ह्याच बाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

बालगृहाचा आधार म्हणजे बाजारातले कापडवाले. धान्य त्यांचं, शाळेची फी त्यांची, आणि वर्षाला कापडाचा एक तागाही त्यांचाच. माणूस मनानं चांगला हो, पण दुकानात जे खपत नाही त्यालाच दान म्हणतात, अशी त्यांची पक्की समजूत. गेल्या वर्षी तागा आला तो जांभळा, आणि त्यावर तळहाताएवढी केशरी बदकं. डोळे मिटले तरी दिसतील अशी! मावशींनी कपाळाला हात लावला, पण शिवले. मुलांना बदकांचे शर्ट, मुलींना बदकांचे झगे.

झालं! पोरं शाळेच्या फाटकाशी पोचायच्या आधीच “बदकं आली, बदकं आली” असा गलका. मोठी पोरं दोन द्यायची, दोन खायची, विषय संपायचा. पण बारकी? ती कुणाशी भांडणारी नव्हतीच. आठ वर्षांची पोर, वर्गात पहिली येणारी, एका सकाळी म्हणाली, “मावशी, पोटात दुखतंय.” दुसऱ्या दिवशीही दुखलं. रविवारी मुळीच दुखलं नाही, सोमवारी पुन्हा सुरू. मावशी काय समजायचं ते समजल्या. ह्यापायी पोरीची शाळाच सुटते की काय, ह्याचा त्यांनी धसका घेतला.

आणि अशात यंदाचा तागा आला. उलगडून बघतात तर पुन्हा बदकं!

“खपली नाहीत ती नाहीत, वर ह्यांनी अंडी घातली की काय!” मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी जुन्या कपड्यांची पोती बाहेर ओढली. घोळदार पायजमे, विटके पडदे, कुणा लठ्ठ गृहस्थाचा कोट, सगळं उसवलं आणि प्रत्येकाला वेगवेगळं शिवलं. मग बदकांचं काय? मिळालेलं वाया घालवणं मावशींच्या रक्तात नव्हतं. बदकं गेली आत. खिसे बदकांचे, अस्तर बदकांचं, बनियनीही बदकांच्या. बाहेरून कुणाला शंकासुद्धा यायची नाही. बारकी निळ्या झग्यात शाळेत गेली आणि उड्या मारत परत आली.

मग निरोप आला, कापडवाले आपल्या कापडातल्या पोरांचे फोटो काढायला येताहेत! बालगृहाच्या मोठ्या बाईंना तेव्हा कुठे आतली बदकं कळली, आणि त्यांची पाचावर धारण बसली. “मावशी, त्यांनी हात आखडता घेतला तर पोरं खातील काय?” दाराआडून बारकीनं विचारलं, “पुन्हा बदकं घालायची?” मावशींनी पायमशीन आणखी जोरात खडखडवलं.

कापडवाले आले, सोबत त्यांच्या घरच्या बाई, भर उकाड्यात अंगभर शाल गुंडाळलेल्या. पोरं रांगेत उभी. कापडवाल्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“माझं कापड कुठंय?”

मोठ्या बाई चहाचं विचारू लागल्या. मावशींच्या ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी शब्द फुटेना. तेवढ्यात रांगेतला सगळ्यांत धाकटा पठ्ठ्या पुढं झाला. “माझ्याकडे आहे!” म्हणत त्यानं खिसा उलटा केला. बदक बाहेर लोंबलं. आता बाकीच्यांना वेगळं सांगायला हवं? सटासट खिसे उलटे, शर्ट वर, बनियनी बाहेर, जिकडेतिकडे बदकंच बदकं!

कापडवाले लालबुंद झाले. “लपवलंत? माझ्या दानाची लाज वाटते तुम्हाला?”

“वाटते!” मावशींचा बांध फुटला. “दानाची नाही, बदकांची! आम्हाला कुणी नाही, असं अंगावर मिरवत जायचं का पोरांनी शाळेत? ही पोर शाळा सोडायला निघाली होती, ठाऊक आहे? धान्य बंद करायचं तर करा. मी दारोदार जाऊन मागून आणीन. पण बदकं बाहेर यायची नाहीत!” बोलून तर बसल्या. हे काय केलंस गं बये, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

मग कापडवाल्यांच्या बाई जोरात हसल्या आणि त्यांनी शाल सोडली. आत गळ्यापासून पायापर्यंत केशरी बदकं!

“घरात उशा ह्याच्या, पडदे ह्याचे, मुलांचे सदरेही ह्याचेच. मी काय हौस म्हणून शाल घेते?” मग त्या मावशींकडे वळल्या. “मलाही असंच शिवून द्या हो. आतून.”

“रंग पक्का आहे पण,” कापडवाले एवढंच पुटपुटले.

धान्य आलं, नेहमीसारखंच. पाठोपाठ दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं हे एवढं मोठं गाठोडं आलं, आणि कापडवाल्यांच्या बाईंचा निरोप: ज्याचं त्यानं निवडावं. पोरांची झुंबड उडाली, ओढाताण झाली, कोपऱ्यात एक कुस्तीही झाली. बारकी तेवढी नुसती उभी.

“तुला कुठलं हवंय गं?”

“तुम्ही द्याल ते.”

“मी नाही देणार. तुला कुठलं आवडतं?”

कुठलंही गणित चुटकीसरशी सोडवणारी पोर, इथं अडली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मावशींनीही नाही. मशीन बंद करून त्या फरशीवर तिच्याजवळ बसल्या, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला “आटप लवकर” म्हणाल्या नाहीत.

बारकीनं एकेक तुकडा हातात घेतला, गालाला लावला, ठेवला, पुन्हा उचलला. ऊन उतरलं तरी तिचं चाललंच होतं. शेवटी तिनं एक कापड छातीशी घट्ट धरलं. पोपटी, त्यावर लालभडक पट्टे. मावशींनी त्यानं फरशीसुद्धा पुसली नसती.

“हे?”

“हेच!” बारकी खणखणीत आवाजात म्हणाली.

“झकास आहे,” मावशी म्हणाल्या आणि माप घ्यायला लागल्या.