ट्रम्पेटवाल्यांची पत्रं

मी एका मेलेल्या माणसावर जळले, हे आधीच सांगून टाकते.

२००६ साली आम्ही अमेरिकेत शुगर लँडला राहत होतो आणि मुलगी अडीच तासांवरच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती. शिकत कसली, मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होती! फुटबॉलच्या मॅचला मैदानभर चालत, आकृत्या करत वाजवतात, तो बँड. त्याचे डायरेक्टर मार्चमध्ये हार्ट अटॅकने गेले. मुलं त्यांना नुसतं 'डॉक' म्हणायची. मुलगी आठवडाभर धड जेवली नाही. माझे वडील गेले तेव्हा हिने फोनवर "सॉरी, आई" म्हणून दोन मिनिटांत उरकलं होतं. आता आजोबा तिने तीनदाच पाहिलेले, हे मलाही कळतं. पण कळून काय उपयोग? पोटात दुखायचं ते दुखलंच.

मुलांनी डॉकच्या नावाने स्कॉलरशिप सुरू करायचं ठरवलं. पुरेसा निधी जमला तर दरवर्षी बँडमधल्या एकाची फी त्यातून निघणार होती. पद्धत अशी, की ज्याने त्याने आपापल्या वाद्याच्या जुन्या मंडळींना पत्र पाठवायचं. ड्रमवाल्यांनी ड्रमवाल्यांना, ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेटवाल्यांना. ट्रम्पेटचं पत्र आमच्या कन्येने लिहिलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या प्रतींचं खोकंच घेऊन घरी आली. पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता असला की लोक उघडून बघतात म्हणे. आणि घरात अक्षर चांगलं कुणाचं? माझं. "आई, प्लीज, तू लिहून पोस्ट करशील ना?" म्हणाली आणि इंटर्नशिपला पळाली.

पत्राची घडी घालता घालता मी ते वाचलं. पहिल्या वर्षी, ऑगस्टच्या प्रॅक्टिसला, हिचा पाय सारखा चुकत होता. सगळी रांग डावा टाकायची तेव्हा ही उजवा. शेवटी रडत डॉकना म्हणाली, मला घरी जायचंय.  सगळे जेवायला गेल्यावर ते त्या रणरणत्या पार्किंग लॉटमध्ये एक ते आठ मोजत हिच्या शेजारी चालत राहिले, हिचा पाय तालात बसेपर्यंत. आणि खाली हिने लिहिलं होतं: मला लवकर चांगलं यावं अशी घाई नसलेला, मला भेटलेला हा पहिला मोठा माणूस.

पहिला? हद्द झाली! मग मी कोण? सहावीपासून आठवड्यातून दोनदा ट्रम्पेटच्या क्लासला ड्राइव्ह करून कोण नेत होतं? तास संपेपर्यंत गाडीत बसून कोथिंबीर निवडणारी बाई कोण होती? त्या ऑगस्टमध्ये मी रोज संध्याकाळी फोन करून विचारत होते, कसं चाललंय? रोज एकच उत्तर, "फाइन." रडायला ते, आणि फाइन म्हणायला मी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, घाईचं म्हणाल तर तेही अगदीच खोटं नव्हतं. क्लासहून परतताना मी आधी हेच विचारायचे, आज काय चुकलं?

पत्ते सगळे लिहिले, अगदी सुवाच्य. स्टॅम्प लावले. खोकं गाडीच्या डिकीत ठेवलं. सोमवारी पोस्टात जायचं होतं, पण ग्रोसरीत उशीर झाला. मंगळवारी डेंटिस्ट निघाला. त्यानंतर मी कारणं शोधायचंही सोडलं. पोस्टावरून खुशाल गाडी पुढे न्यायचे. परक्या माणसांनी माझ्या मुलीची ती ओळ वाचायची, हे मला सहनच होईना. नवऱ्याला बोलले नाही. वेडी आहेस का, म्हणाले असते.

सप्टेंबरात ती एका शनिवारी घरी आली. मी थालीपीठ वाढलं, तर नुसते तुकडे करत बसली.

"काय झालं गं?"

"सगळ्यांना उत्तरं आली, आई. ड्रम्स, फ्लूट्स, सगळ्यांना. लोकांनी पैसे तर दिलेच, डॉकच्या गोष्टी लिहून पाठवल्या. ट्रम्पेटचं एक पण नाही. नॉट वन." ताट बाजूला सारून म्हणाली, "मी बँडमध्ये सांगितलंय, माझं लेटरच वाईट होतं. दुसऱ्या कुणीतरी लिहा."

मी उठले. किल्ली घेतली, तिला गॅरेजमध्ये नेलं आणि डिकी उघडली.

ती खोक्याकडे बघत राहिली. वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू वाचलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"वॉज इट एनी गुड?"

"चांगलं होतं गं," मी म्हटलं. "फार चांगलं होतं. म्हणून तर पोस्टात टाकलं नाही."

तिने खोकं उचललं आणि आपल्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं.

"थांब, मी पण येते पोस्टात."

"नको," ती म्हणाली आणि गाडी मागे घेतली.