टॉवेलाखालचा पगार

काष्टीच्या बाजारात मुरलेले दलाल जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेल टाकायचा, त्याच्याखाली घेणाऱ्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. दोघांनाच कळतं. माझे वडील, आबा, उभा जन्म हेच करत आले. शेती बेताची, आबांचा हात हीच घरची खरी कमाई. त्या हातानं दिलेला शब्द कधी फिरला नाही, असं लोक माझ्या तोंडावर सांगायचे.

आणि मी त्यांचा मुलगा, पायलट. नुसतं ऐकायला! लायसन घेऊन बरेच दिवस घरी बसलो होतो. शेवटी गेल्या वर्षी एका विमान कंपनीत लागलो, तर गावानं चौकात माझा फ्लेक्स लावला. फेटा बांधलेला मी, मागं विमान, आणि ते विमानही दुसऱ्याच कंपनीचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, कारण पगार काय आहे हे मला ठाऊक होतं. नव्या माणसाला आधी ट्रेनिंग, तोवर स्टायपेंड. मग ठरावीक तासांचा ठरावीक पगार, आणि त्याहून जास्त उडाला तरच वर काही. पण नव्याला उडायला देतंय कोण! त्यानं आपला युनिफॉर्म इस्त्री करून, फोन हातात धरून, कुणी आजारी पडतंय का याची वाट बघायची. वर बाँड, म्हणजे काही वर्षं नोकरी सोडायची सोय नाही. आम्ही चौघं नवे विमानतळाजवळ एका फ्लॅटमध्ये राहतो आणि आज कुकर कुणी लावायचा यावरून भांडतो.

हे सगळं मी आबांना खरंखरं सांगितलं होतं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् कॅप्टन झाल्याव?" मी तोही आकडा सांगितला. "बास की मंग," म्हणाले आणि पान लावायला बसले.

दिवाळीनंतर कर्जतकडचं स्थळ आलं. मुलगी बँकेत नोकरीला. तिचे वडील जनावरांचे व्यापारी, आबांच्या जुन्या ओळखीतले. आबा, मामा आणि मी त्यांच्याकडे गेलो. मुलाचा पगार चारचौघांत विचारायला त्यांना अवघड वाटलं असावं. ते आबांच्या शेजारी सरकले, खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला आणि हात आत घातला. बैठक हसली. आबांनीही हात घातला. व्यापारी म्हणाले, "लई झालं की वो!" मलाही गंमत वाटली. बरं झालं, म्हटलं, आपली लाज झाकली गेली.

पोहे झाल्यावर आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. मुलीनं इकडचं तिकडचं काही काढलं नाही. हातात किती येतात, सुट्टी मिळते का, लग्नानंतर राहायचं कुठं, असं सरळ विचारलं. मीही जसं आहे तसं सांगितलं.

"मला चालेल हे. मी पण कमावतेच ना," ती म्हणाली. "पण मग तुमच्या वडिलांनी खाली वेगळंच का सांगितलं? बाबा मघाशी आत येऊन आईला आकडा सांगून गेले."

तिनं सांगितलेला आकडा कॅप्टनचा होता.

माझं डोकं फिरलं. ते तसं लवकरच फिरतं. तडातडा जिना उतरलो आणि भर बैठकीत विचारलं, "आबा, तुम्ही कॅप्टनचा पगार सांगितलात?"

आबा जराही गडबडले नाहीत. "व्हय. गाभन कालवडीचा भाव काय आजच्या दुधाव लावत्यात व्हय? पुढच्या दुधाव लावत्यात. तू काय जलमभर नवाच ऱ्हानार हाईस का?"

बाजाराच्या रीतीनं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त कालवड गाभण आहे हे घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, माझ्या बाबतीत हा पुढचा आकडा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच मी समजावून सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण वर गच्चीत त्या मुलीला पगार सांगताना मला शरम वाटली होती, आणि ती सगळी मी आबांवर काढली.

"मी जनावर आहे का विकायला? खोटा आकडा आहे हा. चक्क खोटा!"

व्यापाऱ्यांनी मांडीवरचा टॉवेल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "कळवतो," एवढंच म्हणाले.

गाडीत मामा मला म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची आसती, गड्या. कशाला उघडलीस?" आबा खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांची माफी मागायची होती, पण मामांसमोर कशी मागायची, म्हणून घरी गेल्यावर मागू असं ठरवलं. घरी गेल्यावर आबा न जेवता झोपले.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. बैठकीतली गोष्ट आमच्या आधीच पोचली होती. "या पायलटसाहेब," म्हणून कुणी चहा सांगितला, पण आबांशी फारसं कुणी बोलेना. तेवढ्यात त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याला एक गाय पसंत पडली. आबांनी टॉवेल टाकला, खाली हात घातला आणि थांबले.

त्या माणसानं हात पुढं केला नाही.

"आबा, राग मानू नगा," तो म्हणाला. अगदी अदबीनं म्हणाला. "तोंडानंच सांगा. चार मान्सांत आसल्यालं बरं."

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आबांनी टॉवेल काढून घेतला, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव सांगितला. भाव रास्त होता.

तो माणूस माझ्याकडे वळला. "काय पायलट? खरा हाय का ह्यो आकडा?"

आणि आबाही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.